नाडी कुठे बांधता, ते आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर लेख आला होता. लेख चांगला होता. शौचातून रक्त जात असेल तर मूळव्याध समजून अंगावर काढू नका, हे ठळक अक्षरांत छापलंत ते फार बरं केलंत. मी स्वतः दीड वर्ष मूळव्याधीची चूर्णं खाल्लेली बाई आहे. पण चार कॉलमांच्या त्या लेखात पोटावरच्या पिशवीसाठी एकच वाक्य होतं आणि त्या एका वाक्यात ‘दुर्दैवाने’ हा शब्द दोनदा आला होता.

माझ्या पोटावर गेली नऊ वर्षं पिशवी आहे. वय ५६. इचलकरंजीत घरीच ब्लाऊज, परकर, फॉल-पिको अशी शिलाईची कामं करते. त्या शब्दाचा मला राग आला म्हणून हे पत्र लिहितेय असं नाही. आजार होणं हे दुर्दैव आहेच, त्याला दुसरं काय म्हणणार? पण पिशवी लागणं नशिबात असलं तरी ती पोटावर नेमकी कुठे लागणार, हे नशिबावर सोडायचं काही कारण नाही. ते माप घेऊन ठरवता येतं. माझं माप कुणी घेतलं नव्हतं, त्याबद्दल लिहायचं आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझा गाठीचा भाग अगदी गुदद्वाराजवळ होता. तो भाग काढला, मागची वाट कायमची शिवून टाकली, आणि आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला भोक पाडून बाहेर आणलं. बाहीची कड उलटवून टाके घालावेत तसं ते टोक उलटवून कातडीला टाचतात. त्याला स्टोमा म्हणतात, मूळ ग्रीक शब्द, अर्थ तोंड. दिसायलाही तसाच असतो. ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल, ओलसर. हात लावला तर दुखत नाही, पुसताना कधी रक्ताचा ठिपका येतो, त्याला घाबरायचं नसतं. काळा-जांभळा पडला तर मात्र तडक डॉक्टर गाठायचा. या तोंडाला आवळून धरणारा स्नायू नाही, त्यामुळे शी आणि वारा आपल्या वेळेने येतात. म्हणून भोवती चिकट चकती लावायची आणि चकतीवर पिशवी. माझी ही कोलोस्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याची. लहान आतड्याची इलिओस्टॉमी असते, लघवीची युरोस्टॉमी. त्यांच्या तऱ्हा थोड्या वेगळ्या.

ऑपरेशन झालं २०१६च्या नोव्हेंबरात, नोटाबंदीच्या आठवड्यात. हे बँकेच्या रांगेत आणि मी ऑपरेशनच्या. आदल्या संध्याकाळी एक तरुण डॉक्टर आले, चार कागदांवर सह्या घेतल्या, ‘पिशवी लागेल हं, कायमची’ म्हणाले आणि गेले. मी कॉटवर उताणी पडलेली, अंगात दवाखान्याचा तो मागून उघडा झगा. मला कुणी उभं केलं नाही, बसवलं नाही, वाकायला लावलं नाही. उताणं झोपल्यावर कुणाचंही पोट सपाटच दिसतं. दुसऱ्या दिवशी टेबलावर, मला भूल दिलेली असताना, सर्जननी जागा ठरवली.

त्या डॉक्टरांनी माझा जीव वाचवला आहे. आजही तपासणीला गेले की मी त्यांच्या पाया पडते आणि ते संकोचतात. त्यामुळे हे गाऱ्हाणं नाही. पण जे झालं ते असं झालं, की पाचव्या दिवशी मला उठवून बसवलं तेव्हा स्टोमा पोटाच्या घडीत गेला. घरी आल्यावर पहिल्यांदा परकर नेसले तर नाडी बरोबर त्याच्यावरून गेली. मी तीस वर्षं जिथे नाडी बांधत आले, अगदी तिथूनच. आमच्यासारख्यांच्या कमरेवर तिथे काळा वळ असतो, तुम्ही पाहिला असेल. त्या वळावरच तो लाल गोळा.

आता गंमत ऐका. परकर शिवायला आलेल्या प्रत्येक बाईला मी पहिला प्रश्न काय विचारते? ‘बांधता कुठे? बांधून दाखवा.’ कुणी बेंबीवर बांधतं, कुणी चार बोटं खाली, कुणी पोट सुटल्यामुळे पोटाखाली. ते कळल्याशिवाय उंचीचं मापच घेता येत नाही. साठ रुपये शिलाईच्या परकरासाठी मी जे विचारते ते माझ्या पोटाला भोक पाडताना कुणी मला विचारलं नाही. बरं, चुकला परकर तर उसवता येतो.

पहिले तीन महिने फार वाईट गेले. घडीमुळे चकतीची कड सुटायची, नाडीने वरून दाबल्यामुळे शी खाली पिशवीत उतरायच्या ऐवजी चकतीखालून बाजूला सरकायची. दिवसातून दोनदा गळती. कातडी सोलून निघाली होती, मिरची लावल्यासारखी आग. चकती चार दिवस टिकायला हवी, ती चार तासांत निघायची, आणि एकेक चकती काही स्वस्त मिळत नाही. मी गाऊन घालून आतल्या खोलीत बसून राहिले. गिऱ्हाइकं यायची, हे सांगायचे, बाई गावाला गेल्यात. एकदा तर मी आत बसलेली असताना दारातली बाई म्हणाली, ‘संपलंच म्हणायचं की हो त्यांचं आता.’ तिचे दोन ब्लाऊज माझ्याकडे कापून पडले होते. त्यांचीच तिला काळजी असावी.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून मुंबईला एका स्टोमा क्लिनिकमध्ये गेलो. हे क्लिनिक म्हणजे नुसत्या या एका कामासाठी शिकलेल्या सिस्टर असतात. टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या रुग्णालयात असं वेगळं क्लिनिकच आहे, हे आमच्याकडे फार लोकांना ठाऊक नाही. तिथल्या सिस्टरनी मला उभं केलं, खुर्चीवर बसवलं, पुढे वाकवलं, शेवटी जमिनीवर चादर अंथरून मांडी घालायला लावली. मग विचारलं, ‘मार्किंग केलं नव्हतं का तुमचं?’

मला वाटलं, बिलाचं काही विचारतायत.

तेव्हा कळलं की ऑपरेशनच्या आधी, पेशंट शुद्धीवर आणि स्वतःच्या पायांवर उभा असताना, पोटावर पेनने खूण करायची असते. ही कुणा एकाची हौस नव्हे, जगभर मान्य असलेली रीत आहे. पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूवर जागा धरायची, म्हणजे पुढे हर्निया व्हायची भीती कमी. बेंबी, कमरेचं हाड, जुन्या टाक्यांचा व्रण, पोटाची घडी, या सगळ्यांपासून लांब. पेशंटला मान वाकवून स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशी. नाहीतर पोट मोठं असलं की बिचाऱ्याला आरशात बघून चकती लावावी लागते. आणि पट्टा, नाडी, धोतराचा सोगा जिथे येतो ती रेघ सोडून. सिस्टर म्हणाल्या, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. तातडीने मध्यरात्री पोट उघडायची वेळ आली तर राहतं ते समजू शकतं. माझं ऑपरेशन तीन आठवडे आधी ठरलं होतं.

शिंपिणीला हे सगळं सांगायची गरज नव्हती. मी तिथेच त्यांची पर्स उघडायला लावून पेन बघितलं. साधं मार्कर पेन होतं.

घरी आल्यावर मी रडणं थांबवलं आणि कात्री घेतली. स्टोमा हलणार नव्हता, मग परकर हलवायचा. नेफा काढून टाकला. त्या जागी चार इंच रुंदीचा मऊ होजिअरीचा पट्टा लावला, तो बरगड्यांच्या खाली, पूर्वीपेक्षा वर बसतो, आणि दाब एका रेघेत न येता पसरतो. नाडी ठेवली, पण उजव्या बाजूला, पट्ट्याच्या वरच्या कडेला, नुसती आधाराला. डाव्या बाजूला दोन कळ्यांच्या मध्ये सहा इंच शिलाई मोकळी सोडली. तिथून हात घालून साडी न सोडता पिशवी रिकामी करता येते. पहिले दोन परकर बिघडले, तिसरा जमला. पुढच्या गुढीपाडव्याला मी सहावारी नेसून दुकानात, म्हणजे पुढच्या खोलीत, मशीनवर बसले. मागच्या टाक्यांमुळे स्टुलावर सलग बसता येत नव्हतं, वीस मिनिटं शिवायचं, दहा मिनिटं उभं राहून काजं-बटणं करायची. पायमशीनला मोटर बसवून घेतली. कापडाचे गठ्ठे तेवढे उचलत नाही, ते मुलगा आत आणून ठेवतो.

पिशवीला खोळ शिवली ती मे महिन्यात. प्लास्टिक घामाने पोटाला चिकटतं आणि खाजतं. जुन्या मलमलीच्या धोतराची खोळ, मागच्या बाजूला स्टोमाएवढं गोल भोक, खालून उघडी. आता माझ्याकडे लांबून माणसं त्या खोळी न्यायला येतात. लहान मुलांच्या पण शिवते. काही जन्मतः अडचण असलेल्या बाळांना थोड्या महिन्यांसाठी पिशवी असते, त्यांच्या आयांना हत्तीच्या नाहीतर मोटारीच्या छापाचं कापड हवं असतं.

सकाळी चकती बदलायची ती चहाच्या आधी, पोट शांत असतं तेव्हा. चौथ्या दिवशी. जुनी चकती ओढायची नाही, कातडी दाबत सोडवायची. कोमट पाण्याने पुसून अगदी कोरडं करायचं. तेलकट साबण लावला तर नवी चिकटत नाही. स्टोमाचं माप घ्यायला गोल भोकांचा पुठ्ठा मिळतो. पहिले दीड-दोन महिने स्टोमा आकसत जातो, तेव्हा दर वेळी नव्याने माप घ्यावं लागतं. नंतर एकच कायम राहतं. माझं २८ मिलिमीटर. चकतीला भोक ३० चं कापायचं. जास्त ठेवलं तर उघड्या कातडीला शी लागून आग, कमी ठेवलं तर कड घासून स्टोमाला जखम. दोन मिलिमीटरचा खेळ आहे. भरतकामाची वाकडी कात्री यासाठी उत्तम, दवाखान्यात देतात ती बोथट असते. कापल्यावर बोटाने कड फिरवून गुळगुळीत करायची, काखेत धरून चकती जरा गरम करायची, मग लावून वर तळहात दाबून गप्प बसायचं. तेवढ्यात रेडिओवर एक भक्तिगीत होतं. सुरुवातीला हे सगळं आमचे हे करायचे. यंत्रमागावर जॉबर म्हणून आयुष्य गेलेलं, त्यामुळे हात बारीक कामाला सरावलेला. मला म्हणायचे, ‘तुझ्यापेक्षा माझं गोल चांगलं येतंय.’ येत होतं.

आवाजाचं सांगायला हवं, कारण लोक विचारत नाहीत पण कान तिकडेच असतात. एका नवरीमुलीच्या ब्लाऊजची ट्रायल चालू होती, खोलीत तिची आई, आत्या, मी. एकदम शांतता असताना पोटातून पुर्रर्र असा लांब आवाज. तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, ‘मशीनला तेल घालायला झालंय.’ मशीन बंद होतं. आत्याबाईंच्या ध्यानात आलं, त्या हसल्या आणि मग मी पण हसले. आता मी सरळ सांगते, पोटाचं ऑपरेशन झालंय, आवाज येतो. वास येत नाही; चकती नीट बसलेली असेल आणि पिशवी एक तृतीयांश भरल्यावर रिकामी केली तर शेजारच्या माणसाला काही कळत नाही. कळलं असतं तर एवढी गिऱ्हाइकं टेप लावायला जवळ उभी राहिली नसती. लग्नाच्या जेवणात पावटा आणि कोबी तेवढा टाळते, घरी खाते. ताक मानवतं. इलिओस्टॉमीवाल्यांना मक्याचं कणीस, ओलं खोबरं जपून खावं लागतं, अडकतं. आणि पाणी-मीठ फार जातं, त्यांनी उन्हाळ्यात मीठ-साखर-पाणी जवळ ठेवावं. मला तसलं काही नाही. तांबडा-पांढरा दोन्ही चालतो.

तिसऱ्या वर्षी मी धुणं शिकले, म्हणजे इरिगेशन. एक दिवसाआड सकाळी कोमट पाणी स्टोमातून आत सोडायचं आणि आतडं एकदम रिकामं करून घ्यायचं. पाण्याची थैली मी न्हाणीत खांद्याच्या उंचीवर टांगते, पूर्वी परकर अडकवायची जी खुंटी होती त्याच खुंटीला. तास जातो, पण मग पुढचा दीड दिवस बहुतेक निवांत. लग्नसराईत, दिवाळीत याचा फार उपयोग. हे फक्त डाव्या बाजूच्या कोलोस्टॉमीला जमतं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तरच, सिस्टरकडून शिकूनच करायचं. व्हिडिओ बघून कुणी करू नये.

नवऱ्या-बायकोचं विचारायला बायका मशीनच्या आवाजाआड येतात. काय सांगू? वर्षभर मी वेगळी झोपले, माझ्याच मनाने. एका रात्री ह्यांनी विचारलं, ‘ती पिशवी झोपते का न्हाई रात्रीची?’ मी हसले. बाकी तुमच्या वर्तमानपत्रात लिहिण्यासारखं नाही.

सोवळ्याओवळ्याचं मात्र लिहिण्यासारखं आहे. पहिल्या गणपतीला माझ्या जाऊबाईंनी मोदक करायला मला बसू दिलं नाही. तोंडावर काही बोलल्या नाहीत, पातेलं उचलून पलीकडे नेलं. सासूबाई तेव्हा ८१ वर्षांच्या, कोपऱ्यात वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, ‘समद्यांच्याच पोटात असतंय ते. हिच्या पोटात न्हाई, पिशवीत हाय. मग तूच हो की बाजूला.’ जाऊबाईंनी पातेलं परत आणलं. पण पुढची दोन वर्षं त्या माझ्या हातचा नैवेद्य पानात वाढून घ्यायच्या आणि चिवडत बसायच्या, हे मला दिसायचं.

मग २०१९चा महापूर आला. पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा बाकी सगळे टीव्ही आणि गहू माळ्यावर टाकत होते, मी चकत्यांचा डबा आणि वाकडी कात्री पोटाशी धरून निघाले. एका शाळेच्या वर्गात आम्ही चौदा बायका, आठ दिवस. चकती बदलायचा दिवस आला. आडोसा नाही, आरसा नाही, पाणी मोजून. जाऊबाई उठल्या, स्वतःची साडी दोन बाकांना बांधून आडपडदा केला आणि बाटलीतलं पाणी हातावर धरत पूर्ण वेळ समोर उभ्या राहिल्या. झाल्यावर म्हणाल्या, ‘एवढंच असतंय व्हय?’ जुनी पिशवी रिकामी करून कागदात गुंडाळली, तीही त्यांनीच नेऊन टाकली. आता मोदकाचं सारण मी करते, उकड त्या काढतात. नरसोबाच्या वाडीला पौर्णिमेला आम्ही दोघी चालत जातो. गाभाऱ्यापाशी मी कुणाला विचारत नाही आणि मला कुणी विचारत नाही.

मला कुतूहल होतं म्हणून सिस्टरकडून या पिशवीची गोष्ट समजून घेतली. १९५४ साली डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेन्सन नावाची नर्स होती. तिच्या बहिणीचं, थोराचं, असंच ऑपरेशन झालं आणि ती गळतीच्या भीतीने घराबाहेर पडेना. एलिसेने चिकट कडेची प्लास्टिकची पिशवी मनात बेतली. प्लास्टिकचा कारखानदार आधी तयार होईना. त्याची बायकोही नर्स होती, तिने त्याला पटवलं. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १९५८ साली नॉर्मा गिल नावाच्या बाईंना डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनी या कामावर घेतलं. बाई स्वतः इलिओस्टॉमीवाल्या. स्टोमा सिस्टर हा पेशा तिथून सुरू झाला. म्हणजे बघा, भोक पाडायचं शास्त्र मोठमोठ्या सर्जनांचं, पण ते भोक घेऊन जगायचं कसं, हे बायकांनी बायकांसाठी बसून काढलं. मला त्यात काही नवल वाटलं नाही.

खर्चाचं आणि सवलतींचं दोन ओळींत. मला महिन्याला साधारण तीन हजार लागतात, म्हणजे पन्नास परकर. रेल्वेच्या सवलतींच्या यादीत ऑस्टॉमीचे, म्हणजे आमच्यासारखे पोटावर पिशवी असलेले, रुग्ण आहेत, मासिक आणि त्रैमासिक पासावर ५० टक्के; मिरज-कोल्हापूर रोज ये-जा करणाऱ्या माझ्या एका गिऱ्हाइकाला हे मी सांगितलं तेव्हा कळलं. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आम्ही नाही. म्हणजे गाडीत बसेपर्यंत आम्हाला अडचण आहे, खाली उतरलो की नाही. मला स्वतःला दिव्यांग म्हणवून घ्यायची हौस नाही, पण चकतीसाठी कर्ज काढणारी माणसं मी बघितली आहेत. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही आमच्यासारख्यांची संस्था आहे, गरजूंनी तिकडे जरूर विचारावं.

आता मूळ मुद्दा. या वर्षी उन्हाळ्यात सीमेपलीकडच्या एका खेड्यातून ७० वर्षांचे एक गृहस्थ मुलाबरोबर माझ्याकडे आले. आजार माझाच. ऑपरेशनला दोन महिने नाही म्हणत होते, पिशवी नको म्हणून. गाठ काही आपल्यासाठी थांबत नाही. मुलगा रडकुंडीला आलेला. म्हाताऱ्यांना मी चहा दिला, समोर स्टुलावर बसून ब्लाऊजला हुक लावत राहिले. बराच वेळ ते गप्प. मग विचारलं, ‘पिशवी कुठं हाय?’ मी म्हटलं, आत्ता आहे की. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, हळूच श्वास ओढून वास घेतला. मग एकेक प्रश्न आले. पंगतीत बसता? वाढायला पण जाते. आंघोळ? रोज, पाणी आत जात नाही. ट्रॅक्टरवर? मी नाही चालवत, पण मोटरसायकलवर मागे बसते. शेवटी म्हणाले, ‘धोतर कुठं बांधायचं मग?’

नऊ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मी कुणा पेशंटला विचारला नव्हता. मी त्यांना उभं केलं आणि टेपच काढली. धोतर ते बेंबीच्या खाली तीन बोटं, घट्ट बांधत होते. मांडी घालून बसवलं तर घडी त्याच्याही खाली पडत होती. उकिडवे बसवलं. माझ्या कापडाच्या खडूने मी धोतराची रेघ आणि घडीची रेघ त्यांच्या पोटावर आखली आणि मुलाला म्हटलं, याचा फोटो काढून ठेवा. जागा मी ठरवणार नाही, ते माझं काम नव्हे. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे धोतर अंगावर ठेवूनच वॉर्डात बसा, झगा नंतर घाला म्हणावं, आणि डॉक्टरांना म्हणा, आधी खूण करा, मग सही. दवाखान्यात खूण करायची रीत नसली तर स्टोमा सिस्टर कुठे मिळतील ते विचारा.

डॉक्टरमंडळींना माझी हात जोडून विनंती आहे ती एवढीच. बाईला परकर बांधून दाखवायला सांगा. नऊवारी नेसणारी असेल तर कासोट्यासकट. कारखान्यात पट्टा लावणारा असेल तर पट्टा लावून. खुर्चीवरच नको, जमिनीवर बसवून बघा, आमचं निम्मं आयुष्य जमिनीवर जातं, भाकरी तिथे, निवडणं-टिपणं तिथे, पूजा तिथे. आणि नातेवाइकांनी रक्ताच्या बाटल्यांची धावपळ करताना हा एक प्रश्न विचारायला विसरू नये. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी जागतिक ऑस्टॉमी दिन असतो, १९९३ मध्ये सुरू झालेला. त्या दिवशी आपण या विषयावर चार कॉलम दिलेत तर एका कॉलमात मार्किंगबद्दल कुणा जाणत्या स्टोमा सिस्टरकडून लिहून घ्यावं.

म्हाताऱ्यांचा फोन गेल्या महिन्यात आला. आवाज खणखणीत. ‘बाई, खूण पेनानं केली त्यांनी, तुमच्या खडूच्या वर दोन बोटं. धोतर खालनं जातंय.’ मग म्हणाले, खोळ शिवून पाठवा, पण पांढरी नको, मळते.

आपली नम्र,
एक शिलाईकाम करणारी वाचक, इचलकरंजी

ता. क. पत्राखाली नाव द्यायला माझी हरकत नव्हती. मुलाचं लग्न ठरतंय, बोलणी चालू आहेत, तेवढी होईपर्यंत छापील नाव नको असं घरच्यांचं म्हणणं पडलं, आणि मी ते ऐकलं. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, गिऱ्हाइकांना माहीत आहे, पाहुण्यांना अजून सांगायचं आहे. परकर कुठे बांधायचा ते नऊ वर्षांत जमलं, हे काही अजून जमलेलं नाही. मुलीकडचे येत्या रविवारी येणार आहेत. मी सहावारीच नेसणार आहे आणि पोहे मीच करणार आहे.